पाणवठ्यावरचं जनावर

दिग्या,

तू गेल्याची बातमी मला तुझ्याच फोनवरून आली. सकाळची वेळ, तोंडात ब्रश, आणि पडद्यावर तुझं नाव. शेजारी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला तुझा तो फोटो, आणि खाली चार शब्द : बाबा आज पहाटे गेले. खरं सांगतो (हे दोन शब्द मी उच्चारले की तू खुर्ची थोडी मागे सरकवायचास), पहिला संशय मला तुझाच आला. म्हटलं, थापा मारायचं खातं आपल्या दोघांत माझ्याकडे आहे, हा कशाला मध्ये घुसतोय. तसं उत्तर टाईपसुद्धा केलेलं. पाठवायला अंगठा उचलला आणि 'बाबा' ह्या शब्दाशी अडकलो. तुझ्या बाबांना तर आपण दोघांनी मिळून कधीच पोहोचवलेलं. मग हे बाबा कोण? ते तू होतास. तुझ्या प्राजक्ताने लिहिलेलं.

उत्तर पुसलं. मग पुसलं गेलंय का ते तीनदा तपासलं. मी असाच आहे, तुला ठाऊक आहे. स्वतः दिवसभर लोकांना गुंडाळत असल्यामुळे मला दुसऱ्याचं कुठलंच वाक्य सरळ वाटत नाही. भाजीवाला ताजी मेथी म्हणाला तरी मी जुडी उलटी करून बघतो. डॉक्टरने तब्येत उत्तम म्हटलं की मी त्याच्या कंपाउंडरला बाहेर गाठतो. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकाच माणसाचा शब्द मी उलटा करून बघितला नाही, तो तुझा. एक गोष्ट सोडून. त्या एका गोष्टीवरून तुझ्यावर अकरा वर्षं संशय धरून बसलो, आणि तोंडावर एकदाही विचारलं नाही. तू गेलास म्हणून आता धीर आलाय. हा माझा भ्याडपणा आहे, तोही तुला ठाऊक असेलच.

तुझ्यावर संशय का घ्यावा, तर तू तसा होतास म्हणून. नौपाड्यातल्या त्या लॅबमध्ये तीस वर्षं काचपट्ट्या बघितल्यास. डोळ्याला दिसेल तेवढं मोजायचं आणि तेवढंच कागदावर उतरवायचं. माझं हिमोग्लोबिन नऊ आलं तेव्हा मी तुला चहा पाजून, मस्का लावून, शेवटी पाया पडून सांगितलं की दहा लिही, नाहीतर बायको बीट खायला घालून घालून मारेल. तू नऊ पूर्णांक एक लिहिलंस. वर म्हणालास, "तो पॉइंट एक खरंच होता, म्हणून लिहिला. मैत्रीचा नाही तो." मी दोन महिने बीट खाल्लं. त्या दिवसांत मी रस्ता ओलांडायला उभा राहिलो की गाड्या सिग्नल समजून थांबायच्या.

आणि हाच कोरडा माणूस माझ्या आईचं रक्त घ्यायला दर महिन्याला ठाकुर्लीहून सकाळी सहाला घरी यायचा. तिची शीर दुसऱ्या कोणाला सापडायची नाही. तू तिचा हात हातात घ्यायचास, इकडचं तिकडचं बोलायचास, आणि ती विचारायची, झालं का रे? तोवर तू बाटलीवर नाव लिहीत असायचास. त्याबद्दल मी तुला कधी धन्यवाद म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं की ह्याचं काहीतरी काम आहे.

तर, वाघ.

वैशाखी पौर्णिमेला जंगलात पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसायचं आणि रात्रभर येतील ते प्राणी मोजून वनखात्याच्या तक्त्यात लिहायचे, हे खूळ तुझं. कुठेतरी काहीतरी मोजायला मिळतंय म्हटल्यावर तुझे डोळे चमकलेले. मला मोजण्यात काडीचा रस नव्हता. मला सांगायला काहीतरी हवं होतं, कारण नौपाड्यात माझा माल संपत आलेला. पुरात उल्हास नदी पोहून ओलांडल्याची गोष्ट शहाडच्या लोकांनीच खोटी पाडलेली. म्हणून तुझ्याबरोबर कल्याणहून गाडीत बसलो आणि विदर्भातल्या त्या अभयारण्यात जाऊन उतरलो. उन्हाचं काय सांगू, माझ्या चपलांचे ठसे डांबरात अजून असतील.

मचाण म्हणजे झाडावर बांधलेली फळ्यांची खाट, वर पाल्याचं छप्पर, चढायला शिडी. आपण दोघं आणि गावातला गाईड सुखदेव. त्याने चढण्याआधीच दम भरलेला : बॅटरी नाही, बोलणं नाही, खाकरणं नाही. संध्याकाळी सांबरं आली, रानडुकरं आली. तू मांडीवर फळकूट, फळकुटावर तक्ता आणि कानामागे पेन्सिल घेऊन बसलेलास, जसा काही प्राणी हजेरीला येणार होते. अकरा डुकरं लिहिलीस. मी कानात म्हटलं, बारा कर, एक मागे होतं. तू विचारलंस, दिसलं? म्हटलं, वाटलं. त्यावर तू तक्ता माझ्यासमोर धरलास आणि म्हणालास की वाटलेल्याला रकाना नाही. थोड्या वेळाने सुखदेव म्हणाला, तिकडं अस्वल असंल. तेही तू लिहिलं नाहीस. अस्वल 'असंल' होतं ना, 'आहे' नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतोय. माझा सगळा संशय ह्याच अस्वलावर उभा आहे.

मध्यरात्र उलटून गेल्यावर सुखदेव कुजबुजला, "जनावर. हालू नका."

आता चूक कोणाची ते तूच ठरव. सुखदेव तिकडचा. आपण लोकलगाड्यांच्या मुलुखात वाढलेलो असलो तरी तू गुहागरकडचा, मी राजापूरकडचा. आपल्या घरांत दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणायचं नाही, जनावर म्हणायचं, हे आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. अंगणात जनावर निघालं म्हटलं की काठी आणायला पळायचं, हे एवढंच आपलं शिक्षण. त्यामुळे 'जनावर' ऐकल्याबरोबर माझी मांडी आपोआप मोडली आणि पाय पोटाशी आले. मी फळ्या तपासायला लागलो. पाल्याच्या छपरातून चांदणं झिरपून फळ्यांवर त्याचे पट्टे पडलेले, आणि देवाशपथ, त्यातला प्रत्येक पट्टा वळवळत होता. कुठूनतरी लप लप असा आवाज येत होता. मला वाटलं, सुखदेव घाबरून पाणी पितोय. एवढ्या रानात वाढलेला माणूस सापाला भितो म्हणून मला त्याची दयासुद्धा आली.

मग तो आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. आणि सुखदेव हळूच म्हणाला, "गेला. पाहिला न साहेब? नर होता. आमच्या इकडं राती त्याचं नाव नाही घेत, जनावरच म्हणते."

मला कळलं. तळपायापासून कळत कळत वर आलं. पण माझं तोंड नेहमी माझ्या डोक्याच्या आधी घरातून निघतं. "पाहिला तर," मी म्हटलं. "केवढं धूड. पाणी पिताना खांदे कसे वरखाली होत होते." हे सगळं अगदी कुजबुजत, कारण सुखदेवने लगेच ओठांवर बोट ठेवलेलं.

तू माझ्याकडे वळलास. चष्म्याच्या काचांवर चांदणं होतं, त्यामुळे तुझे डोळे मला दिसले नाहीत. अकरा वर्षं मी त्या काचांच्या मागे काय होतं ते शोधतोय.

"शिऱ्या, पाहिलास तू?"

"मग? तू नाही पाहिलास?"

तू कानामागची पेन्सिल काढलीस आणि तक्त्यात लिहिलंस. मी मान लांब करून वाचलं. वाघ. एक. नर.

जो माणूस मैत्रीखातर पॉइंट नऊ वाढवत नाही, गाईडच्या शब्दावर अस्वल लिहीत नाही, तो वाघ लिहितोय. म्हणजे तू बघितलेलास. मी खाली वाकून फळ्यांतल्या फटी मोजत होतो तेव्हा तू समोर बघत होतास. वाघ बघितलास, आणि वाघाच्या अलीकडे माझी वाकलेली पाठही. आणि त्यानंतर मला खांदे वरखाली होताना ऐकलंस. तुला सगळं माहीत होतं आणि तू गप्प राहिलास. का? हा प्रश्न घेऊन मी मचाणावरून उतरलो तो आजतागायत जमिनीवर आलेलो नाही.

परतीच्या प्रवासात तू खिडकीशी बसून तुझ्या छोट्या डायरीत तक्ता उतरवून घेत होतास. मी डोकावलो तर डायरी मिटलीस. झालं, माझी खात्री पटली.

पुढचं तू बघितलंच आहेस. पहिल्या वर्षी माझा वाघ बैलाएवढा होता. दुसऱ्या वर्षी म्हशीएवढा. मग एकदा डोंबिवलीत शेअर रिक्षात बाजूच्याला सांगता सांगता तो रिक्षात मावेनासा झाला आणि तिथून पुढे तो टेम्पोच्याच मापाचा राहिला. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळ्या असताना मी ती गोष्ट नुसत्या हातांनी सांगितलेली आहे. एकदा पाणी पिताना वाघाला ठसका लागल्याचंही सांगितलं, आणि मी वरून "सावकाश" म्हटल्याचंही. पण दिग्या, हे सगळं करताना माझा एक डोळा कायम तुझ्यावर असायचा. तू त्या घोळक्यात असलास तर कोपऱ्यात उभा राहून मान किंचित कलती करून ऐकायचास, आणि हसायचास. ओठ मिटून. ते हसू मला भयंकर वाटायचं. म्हटलं, ह्याच्या मुठीत माझी शेपूट आहे आणि हा ती कधी ओढायची त्याची वाट बघतोय.

म्हणून मी तुला चाचपायचो. वाघाचा डावा कान फाटलेला होता असं सांगायचो, तुझ्याकडे बघायचो. पुढच्या वेळी उजवा. तू हूं की चूं नाही. तुझ्या घरच्या सत्यनारायणाला कोणीतरी तुलाच पकडलं आणि विचारलं की काका, तुम्ही पण होतात ना, खरंच एवढा होता? मी शिरा परत द्रोणात ठेवला. आणि तू म्हणालास, "मला काय विचारता? त्याला विचारा. तो सांगेल नीट." सगळे हसले. मी त्या 'नीट'वर तीन आठवडे काढले. नीट म्हणजे काय? नीट म्हणजे तू किती पाण्यात आहेस ते मला माहीत आहे, असंच ना? घरी येऊन बायकोला सांगितलं की दिग्या टोमणे मारायला लागलाय. ती म्हणाली, तो माणूस टोमणा मारणार असेल तर आधी पावती देईल.

त्यानंतर मी तुझ्याकडे येणं थोडं कमी केलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझ्या थापांतली सगळ्यात लहान थाप ही, आणि सगळ्यात महाग पडलेली.

शेवटी तू हॉस्पिटलात भेटलास. दुपारची वेळ होती. छातीतलं पाणी काढून झालेलं, नाकात नळी, आणि चष्मा उशीखाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी तुझे डोळे काचांशिवाय नीट बघितले आणि मला ते बघवेनात. मी फळं ठेवली, डॉक्टरांना नावं ठेवली, पंख्याला नावं ठेवली. तू हात हलवून मला थांबवलंस.

"शिऱ्या, वाघाचं सांग."

म्हटलं, आली वेळ. हा आता ओढणार. मंगल वहिनी बाजूला, नर्स दाराशी, साक्षीदार तयार. मी सावध झालो. जन्मात पहिल्यांदा मी ती गोष्ट आखडून सांगितली. पाणवठा होता, चांदणं होतं, एक वाघ आला, पाणी प्यायला, गेला. ना टेम्पो, ना कान, ना ठसका. तू कुठे पकडशील अशी एक फट ठेवली नाही. तू डोळे मिटून ऐकत होतास. संपल्यावर उघडलेस.

"नेहमीसारखं सांग ना," म्हणालास.

आणि मी काय केलं? खाली रिक्षा थांबवलीय म्हटलं आणि निघालो. रिक्षा नव्हती. जिन्यात उभा राहून घाम पुसला आणि वाचलो म्हणून हुश्श केलं. चार दिवसांनी तुझ्या फोनवरून ते चार शब्द आले.

दहाव्याला गर्दी होती. सगळं आटपल्यावर परवा ठाकुर्लीला गेलो. मंगल वहिनींनी चहा ठेवला. तुझ्या खुर्चीत बसायचं टाळून मी स्टुलावर बसलो, तर म्हणाल्या, "भावोजी, बसा हो तिच्यात, ती काय संग्रहालयात ठेवायची नाहीये." मग आपणहून बोलायला लागल्या. म्हणाल्या की तुम्ही त्या दिवशी लवकर गेलात, ह्यांना चुटपुट लागली. तुम्ही गेल्यावर म्हणत होते, शिऱ्या माझ्याकडे बघून घाबरला, नाहीतर असा सुका सांगायचा नाही तो.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, वहिनी, एक विचारू? दिग्याला तो वाघ कसा दिसला, ते तुम्हाला कधी बोलला का?

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ह्यांना? ह्यांना कुठे दिसला? हे जनावर म्हटल्यावर खाली मान घालून साप शोधत बसलेले. मरेपर्यंत हळहळत होते. म्हणायचे, मी मूर्खासारखा खाली बघत राहिलो, शिऱ्याने तेवढा बघितला."

दिग्या, मी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. त्यांना वाटलं माझा विश्वास बसला नाही, म्हणून त्या उठल्या आणि कपाटातून ती डायरी घेऊन आल्या. तुझं बारीक, सरळ अक्षर. सांबर तीन. रानडुक्कर अकरा. आणि खाली : वाघ, एक, नर. पुढे कंसात : शिऱ्याने पाहिला.

म्हणजे गाईडच्या शब्दावर तू अस्वल लिहिलं नाहीस आणि माझ्या शब्दावर वाघ लिहिलास. माझ्या. ज्याला तू दहा हिमोग्लोबिनचासुद्धा भरवसा दिला नव्हतास. मी वहिनींना विचारलं, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला तो कशावरून? तर म्हणाल्या, ते सांगायचे की शिऱ्या थाप मारतो ती हातवारे करून, गल्लीला ऐकू जाईल अशी. त्या रात्री मात्र अगदी हळू बोलला. खरंच दिसल्याशिवाय तो इतका हळू बोलायचा नाही.

अरे, सुखदेवने गप्प बसवलेलं म्हणून हळू बोललो रे मी.

मग ते मिटलेले ओठ, ती कलती मान, ते 'नीट', सगळं माझ्यासमोर उलटं होऊन पडलं. तू माझी शेपूट धरून बसला नव्हतास. तू वाघ बघत होतास. दर वेळी तुझा वाघ तेवढाच, मी सांगेन तेवढा. आणि शेवटच्या दुपारी तुला तो टेम्पोएवढा हवा होता, आणि मी तुला संशयाने मांजराएवढा दिला.

मला राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, आज खरं सांगतो. मी वाघ बघितलाच नाही. मी पण साप शोधत होतो.

त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण मध्येच थांबून त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "पुरे हो भावोजी. मला बरं वाटावं म्हणून आता हे नवीन काढू नका." मी शपथ घेतली. त्या म्हणाल्या, शपथा तुम्ही कधीपासून मोजायला लागलात. मी पुन्हा सांगितलं, अगदी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाल्या, "ह्यांनी लिहून ठेवलंय."

ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, तुझ्या लेखी कागदासमोर माझ्या तोंडी शब्दाला कोण उभं करणार. चहा गार झालेला तो प्यायलो आणि उठलो. निघताना त्यांनी विचारलं की वाघ पाणी पिताना वर बघत होता का, ह्यांना ते तुम्हाला विचारायचं राहून गेलं. मी म्हटलं, हो, एकदा बघितलं त्याने. त्या "बरं" म्हणाल्या आणि दार लावलं.

तुला मात्र तसं सांगणार नाही. तो आला असेल, सुखदेव काही खोटं बोलायचा नाही. पण मी त्याची मिशीसुद्धा बघितली नाही. तुझे सँडल तू काढून ठेवलेले, त्यातला डावा उलटा पडलेला, आणि त्याच्या पट्ट्याखाली जनावर शिरलंय अशी माझी खात्री झालेली. तुझा पाय त्याच्या इतका जवळ होता की मी हात पुढे करून तुझा घोटा धरला आणि वर ओढून ठेवला. वाघ पाणी पीत होता तोवर मी तुझा घोटा सोडला नाही; तुला वाटलं असेल, वाघ बघून धरलाय. तुझा पाय गार पडलेला. त्या रात्री मला दिसलं ते एवढंच.

– शिऱ्या